डेलियाचा हिवाळी डोंगर

डेलिया नेस्टर डोंगर चढताना बोलत नाही. उतरताना बोलते, हसते, कुणाच्या लग्नात कोण रुसलं तेही सांगते. चढताना मात्र तिचं चित्त पायाखालच्या भेगांत आणि समोरच्या गुरांत असतं. तिचं आणि माझं रान लागून आहे, मध्ये नुसत्या दगडांचा रचलेला गडगा. इतकी वर्षं तिच्या मागून चाललो आहे, की तिच्या पाठीकडे बघून मला कळतं, वर सगळं ठीक आहे की एखादं जनावर तिच्या मनाला खटकलं आहे.

ती जन्माने आमच्यातली नव्हे. टिपरेरीच्या सपाट, लोण्यासारख्या मऊ मातीत, दुभत्या गाईंच्या घरात ती वाढली. सेनन नेस्टरशी लग्न करून वसंतात ती इकडे, बरेनच्या खडकाळ डोंगरांत आली. ऑक्टोबर सरला, आणि सासरची माणसं गुरं गोळा करून डोंगराच्या वाटेला लागली, तेव्हा डेलिया दारातच थबकली.

“अहो, थंडी पडायला लागली,” ती हसू दाबत म्हणाली. “आता गुरं खाली आणायची की वर न्यायची?”

“वर,” तिची सासू नोनी म्हणाली. “आमचा दगड उन्हाळाभर ऊन पितो, पोरी, आणि हिवाळाभर पुरवून पुरवून परत देतो. खाली ठेवलीस तर पोटापर्यंत चिखलात उभी राहतील. बूट घाल नि चल. हसायला वर पुष्कळ जागा आहे.”

सगळ्या जगात थंडी पडली की गुरं डोंगर उतरतात. आमची चढतात. वर राखाडी खडकाच्या लाद्या आहेत, लाद्यांमधल्या भेगांत गवत आहे, गवतात नाना तऱ्हेचा पाला आहे. उन्हाळ्यात तिथे प्यायला पाणी नसतं, म्हणून कुणी गुरं नेत नाही, आणि म्हणूनच हिवाळ्यासाठी गवत जागच्या जागी राखलं जातं. पडलेला पाऊस भेगांतून खाली उतरून जातो आणि गाईला अंग टेकायला कोरडी जागा मिळते. ही रीत कुणी शोधली, ठाऊक नाही. ज्यांनी शोधली ते आपली दगडी थडगी याच डोंगरावर ठेवून गेलेत, आणि आमच्या गाई त्या थडग्यांना पाठ घासतात.

त्या दिवशी डेलियाने बूट घातले. माझ्या मते ते तिने अजून काढलेले नाहीत.

पण ती आली तेव्हा ही रीत मरणाला टेकली होती. आमची गुरं दुधाची नव्हेत, मांसाची. गाईचं दूध तिच्या वासराला, आणि वासरू वाढून बाजाराला आणि मग खाटकाकडे. यात लपवण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखंही नाही. जगलं तोवर ते बरं जगलं का, एवढाच प्रश्न. बाजाराला तेव्हा मोठं जनावर हवं होतं. म्हणून सगळ्यांनी फ्रान्सकडची पांढरी, थोराड जात आणली. ती जात दिसायला राजाची आणि खायला राजाहून वरचढ. तिच्या पोटासाठी मुरघास, म्हणजे दाबून मुरवलेला ओला चारा आला, मुरघासासाठी ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टरमागोमाग गोठे आले. शेण खाली पडावं म्हणून फटी ठेवलेल्या सिमेंटच्या जमिनीचे, पत्र्याचे, लांबलचक गोठे. सेननने आपला गोठा दोन उन्हाळे खपून स्वतःच्या हाताने बांधला. आमच्या चर्चच्या हद्दीत तसा सरळ गोठा दुसरा नव्हता. लोक बघायला यायचे. सेनन खांबावर थाप मारून म्हणायचा, “हा माझ्यामागे शंभर वर्षं उभा राहील.”

डोंगरावर मग उरल्यासुरल्या गाई जायच्या, आणि त्यांच्यासाठी सेनन रोज सकाळी ट्रॅक्टरवर मुरघासाचा गठ्ठा घालून खिंडीपर्यंत न्यायचा. खिंड म्हणजे गडग्यातली फाटकाची जागा, तिथपर्यंतच चाकं पोचतात. मायेनेच न्यायचा तो. आम्ही सगळेच न्यायचो. आपल्या तोंडी गरम घास असताना जनावर वर वाऱ्यात आहे, हे कुणाला बघवतं?

एका जानेवारीत मी त्यांची पहार परत द्यायला गेलो, तर नवराबायको दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसलेली. चहा निवून गेला होता.

“बस, फ्लॅन,” डेलिया मला म्हणाली. “तू तरी ऐक. आज मी खिंडीत उभी राहून बघत होते. सगळ्या गाई फाटकाशी, गुडघाभर चिखलात, रस्त्याकडे कान लावून. पाठीमागे डोंगरभर गवत वाळून पिवळं पडलंय, त्याला कुणी तोंड लावत नाही. आम्ही गाई पाळत नाही रे, भिकारी पाळतोय.”

“भुकेल्या असतात म्हणून उभ्या राहतात,” सेनन म्हणाला.

“नाही. तू येतोस म्हणून उभ्या राहतात.”

“मग काय, जाऊ नको? उपाशी मारू?”

“झऱ्यात शेण उतरलंय, सेनन. वरच्या अंगाला हेझलचं झुडूप पसरत चाललंय. आईंच्या वेळी जिथे गाई चरायच्या तिथे आता मांजर शिरणार नाही.”

नोनी तेव्हा हयात नव्हती, पण तिचं नाव निघालं की सेनन वाद सोडून देई. त्या दिवशीही सोडला. निवलेला चहा ढवळत म्हणाला, “मॅटीला मी शब्द दिलाय.”

मॅटी फाही म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात मोठा गुरंवाला. आवाज ढोलासारखा, पांढऱ्या गाई सगळ्यांहून जास्त, आणि दाराशी स्वतःचा जेसीबी. त्याने आपल्या डोंगराचा खालचा सगळा खडक फोडून, चुरा करून, त्यावर माती ओतून हिरवंगार सपाट कुरण केलं होतं. आता तो सेननचं करून देणार होता. म्हणजे मुरघास घरचा, वर जायची कटकट नाही, आणि गुरं बारा महिने गोठ्यात नाहीतर हिरवळीत. त्या काळी यालाच प्रगती म्हणायचे. मीही म्हणायचो.

“खडक एकदा फोडला की तो पुन्हा कुणी सांधून देत नाही,” डेलिया एवढंच बोलली.

त्या वर्षी मॅटीला वेळ झाला नाही, त्याच्या मागे दुसरी कामं लागली. डेलियाला एक वर्ष मिळालं. पण एका वर्षात गाय बदलत नाही, आणि ही गोष्ट तिला आधीच उमगली होती. चार वेतांपूर्वीच तिने रोसकॉमनकडून एक बुटका, लालकरडा शॉर्टहॉर्न वळू आणला होता. जुन्या जातीचा, आखूड पायांचा, मिळेल ते खाणारा. तो गाडीतून उतरला तेव्हा मॅटी पोट धरून हसला होता.

“सेनन, बायकोला सांग, कुत्रा चांगला आहे, पण भुंकत नाही!”

त्या वळूच्या लाल कालवडी आता मोठ्या होऊन गाभण होत्या. आणि डेलियाच्या डोक्यात दुसरंही काही शिजत होतं. शेतकी खात्याची एक तरुण सल्लागार आमच्या भागात नवी आली होती. डेलियाने डोंगरावरचं हिवाळी गवत मुठीमुठीने कापून पिशव्यांत भरलं आणि तिच्याकडे तपासायला दिलं. दोघी जणी त्या गोठ्याच्या मागे पिंपात काय काय कालवत बसायच्या, शाळेतल्या मैत्रिणींसारख्या. त्या गवतात चोथा भरपूर आहे, पोट भरतं, पण गाभण गाईला लागणारी ताकद त्यात कमी पडते, असं निघालं. म्हणजे कमी पडतं ते थोडंच. ढीगभर मुरघास नव्हे, मूठभर खुराक. बीटचा चोथा, भरडलेली बार्ली, सोयाबीनची पेंड आणि किनाऱ्यावरचं वाळवलेलं समुद्रशेवाळ, असा खुराक ठरला. वास असा यायचा की मीही एकदा चाखून बघितला.

“कसा आहे?” डेलियाने विचारलं.

“मीठ कमी आहे.”

“गाय होऊन बघ, मग मीठ सांग.”

सेननने अखेर तिच्याशी करार केला, आणि तो त्याने चर्चच्या दारात, चार माणसांत केला, म्हणजे मागे फिरायला नको. या हिवाळ्यात सगळं खिल्लार वर जाईल. मुरघास नाही. ब्रिजिटच्या सणापर्यंत, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसापर्यंत. त्या दिवशी वर जाऊन बघायचं. गाई अंगाने उतरलेल्या, रोडावलेल्या दिसल्या तर सगळ्या गोठ्यात, आणि दुसऱ्या दिवशी मॅटीचा जेसीबी डोंगराच्या पायथ्याला. मग पुन्हा डोंगराचा विषय घरात काढायचा नाही.

“आणि बघणार कोण?” मी विचारलं.

“मॅटी,” डेलिया म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. काम मिळणार ते मॅटीला, आणि निवाडा करणार तोही मॅटीच! पण तिला तो आमच्याहून जास्त कळला होता. माणसांच्या बाबतीत मॅटी थापा मारायचा, हवामानाच्या बाबतीत तर रोजच मारायचा. जनावराच्या अंगावर हात ठेवून मात्र तो कधी खोटं बोललेला नव्हता. त्याच्या बापाने त्याला तेवढी एकच गोष्ट मारून मारून शिकवली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी गुरं वर गेली. पहिला आठवडा आमच्यापैकी कुणी विसरणार नाही. पांढऱ्या गाई फाटकाशी येऊन हंबरायच्या. दिवसभर. वारा खालच्या दिशेचा असला की हंबरडे थेट गावातल्या दुकानापर्यंत यायचे. रविवारी प्रार्थना सुटली की मॅटी कानाशी हात नेऊन म्हणायचा, “ऐका! नेस्टरांच्या गाई अर्ज करतायत.”

डेलिया रोज पाठीवर खुराकाची गोणी घेऊन चढायची. गडग्यावरून पाय टाकून आत, फाटकाकडे न बघता सरळ वर. “सक्! सक्! सक्!” अशी हाक घालत जायची. लाल कालवडी मागे निघायच्या. पांढऱ्या थोडं चालून परत फिरायच्या. ती खुराक ढिगाने टाकायची नाही, स्वच्छ लादीवर पातळ पसरायची, आणि रोज दुसऱ्या लादीवर. आज झुडपाच्या कडेला, उद्या त्याच्याही पलीकडे. म्हणजे खुराकाच्या लालचेने गाय जिथे पोचेल तिथलं गवत खाईल, जिथून जाईल तिथलं झुडूप तुडवील. गाईकडून रान साफ करून घ्यायचं, आणि गाईला वाटलं पाहिजे आपण जेवायला आलोय. दोन आठवड्यांत पांढऱ्याही हळूहळू वर सरकू लागल्या.

तेवढ्यात डेलियाची आई आजारी पडली आणि तिला टिपरेरीला जावं लागलं. जाताना तिने गोणी सेननच्या पाठीवर बांधून दाखवली, वाट दाखवली, लाद्या दाखवल्या. काही दिवसांनी परत आली ती दुपारी, आणि पिशवी घरात न ठेवता तशीच डोंगराकडे निघाली. मी गडगा सांधत होतो, मीही तिच्यामागे गेलो. खिंडीत सगळ्या गाई. लालसुद्धा. चिखलात मुरघासाच्या काळ्या धांदोट्या, चाकांच्या ओल्या खुणा. सेनन फाटकाला टेकून उभा, चोरी पकडलेल्या पोरासारखा.

“किती आणलास?” तिने विचारलं.

“एकच गठ्ठा.”

“एकच!”

“ती कपाळावर चांदणी असलेली लाल नाही का, पहिलारू? ती माझ्याकडे अशी बघत होती...”

“अरे, ती आईबाप मेल्यासारखी बघते. तिचं तोंडच तसं आहे!”

“मला नाही बघवलं, डेलिया.”

मला वाटलं आता भडका उडणार. पण तिने गडग्यावर बसून बुटातला खडा काढला, आणि सावकाश म्हणाली, “तू मनाचा चांगला आहेस, सेनन. आपल्या डोंगराच्या मुळावर आलंय ते हेच.”

 ट्रॅक्टर मागे घेताना सेननने दोनदा इंजिन बंद पाडलं.

दोन आठवड्यांची मेहनत एका गठ्ठ्यात गेली होती. दुसऱ्या दिवशी गाई फाटक सोडीनात. तिने हाका मारल्या, गोणी खळखळवली, हात पसरून अडवून बघितलं. मग ती गडग्याला पाठ लावून बराच वेळ नुसती ऐकत बसली. वर रस्त्यावरची प्रत्येक गाडी ऐकू येत होती. प्रत्येक ट्रॅक्टरला गाईंचे कान टवकारत होते. सेननचा, माझा, मॅटीचा, त्यांना काय फरक? तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की नुसतं न देणं पुरेसं नाही. आशा वाजत असते तोवर गाय खाली मान घालत नाही.

डोंगरमाथ्यामागे एक मोठी बशीसारखी खोलगट जागा आहे. तिथे रस्ता दिसत नाही, गाडी ऐकू येत नाही, फक्त वारा आणि रानबकऱ्या. हेझलने वाट अडवली म्हणून तिकडे कुणी गुरं नेणं सोडलं होतं. डेलियाने कोयता घेतला. मी आणि सेननही गेलो. सेनन तर आमच्या दोघांच्या वाटणीचं झुडूप एकट्याने तोडत होता. वाट झाली आणि एका धुक्याच्या सकाळी तिने गाई पलीकडे नेल्या. चांदणीवाली पुढे, तिचं ते दुःखी तोंड घेऊन; मागे लाल, त्यांच्यामागे कुरकुरत पांढऱ्या. मग आम्ही मागची वाट काट्यांनी बुजवली.

हंबरडे थांबले. गावाला ते इतकं चुकल्यासारखं झालं, की दुकानात दोघांनी मला विचारलं, मेल्या का रे?

डिसेंबर भिजत गेला. जानेवारीत समुद्रावरून असा वारा आला की चर्चच्या पत्र्याचा एक तुकडा माझ्या कुरणात येऊन पडला. मागच्या उन्हाळ्याच्या पावसाने सगळ्यांचा मुरघास नासला होता. गोठ्यागोठ्यांतून खोकल्याचे आवाज यायचे. आमच्याकडे म्हण आहे, ब्रिजिटच्या सणाला अर्धा चारा शिल्लक हवा. त्या वर्षी कुणाकडे पाव भागही नव्हता. डेलिया वाऱ्यात, गारांत, रोज वर जातच होती. सेननला तिने बजावलं होतं, सणापर्यंत माथ्यामागे यायचं नाही. तो अंगणात उभा राहून माथ्याकडे बघत राहायचा. काय चाललंय, हे तिलाच ठाऊक. विचारलं तर म्हणायची, “मॅटी सांगेल.” पण तिच्या पाठीकडे बघून मला काळजी वाटायची. ती चढताना अधूनमधून थांबू लागली होती.

सणाच्या दिवशी सकाळी आम्ही चौघं निघालो. सेननने ट्रॅक्टर काढला.

“तो कशाला?” डेलियाने विचारलं.

“कुणी अशक्त असली तर खाली आणायला.”

खिंडीत पोचलो. फाटकाशी एकही गाय नव्हती. खुरांच्या जुन्या खळग्यांत पाणी साचून वर बर्फाचा पापुद्रा धरला होता. सेननने भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. काही नाही.

“बाबा रे, तुझ्या गाई दुसऱ्या घरी नांदायला गेल्या,” मॅटी म्हणाला; पण त्याचाही आवाज नेहमीसारखा लागला नव्हता. सेनन पांढराफटक पडला होता. तो आमच्याही पुढे, जवळजवळ धावत चढला.

माथ्यावरून त्याने पलीकडे बघितलं आणि उभा राहिला. आम्ही धापा टाकत त्याच्याशेजारी पोचलो. खाली त्या बशीत गाई विखुरलेल्या. काही कोरड्या लाद्यांवर पाय दुमडून रवंथ करत होत्या. बाकीच्या चरत होत्या. जिथे पिवळं गवत दाटलेलं असायचं तिथे आता कुरतडलेली, नीटस, हिरवट जमीन दिसत होती. झुडपात गुरांनी स्वतः पाडलेल्या वाटा होत्या. सेननला बघून चांदणीवालीने मान वर केली. त्याच्याकडे बघितलं. आणि पुन्हा खाली घातली.

“ओळखलं नाही मला,” सेनन म्हणाला.

“ओळखलं की,” डेलिया म्हणाली. “काम नव्हतं तुझ्याकडे.”

मॅटी खाली उतरला. आता तो थट्टा करत नव्हता. एकेका गाईजवळ सावकाश जायचा, कमरेशी पंजा ठेवायचा, बोटांनी बरगड्या चाचपायचा, मग शेपटीच्या मुळाशी चिमूट.  डेलिया एका जागी हात बांधून उभी होती. 

सगळ्या गाई झाल्यावर मॅटी वर आला. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं.

“लाल ठीक आहेत,” तो म्हणाला. “ठीक म्हणजे... माझ्या गोठ्यातल्यांपेक्षा ठीक आहेत. डोळे स्वच्छ, खोकला नाही, पाय कोरडे. त्या कुत्र्याने पोरी चांगल्या काढल्या.”

“आणि पांढऱ्या?” डेलियाने विचारलं.

“पांढऱ्या अंगाने उतरल्यात. बरगडी लागते हाताला. अजून महिनाभर राहिल्या तर विण्यापर्यंत उभ्या राहणार नाहीत.”

 करारात लाल-पांढरं काही नव्हतं. गाई अंगाने उतरल्या तर सगळ्या खाली, एवढंच होतं, आणि गाई उतरल्या होत्या. डेलियाने वाद घातला नाही. मला वाटतं तिला हे आठ-पंधरा दिवस आधीपासून ठाऊक होतं. चढताना ती थांबायची ती त्यासाठी. पांढऱ्यांना चोरून जास्त खुराक घालता आला असता. तिने घातला नव्हता.

“करार करार आहे,” ती सेननला म्हणाली. “तू सांग.”

सेनन गाईंकडे बघत होता. मग मॅटीकडे वळला. “पांढऱ्या उतरवायला हात लावशील?”

“लावतो की. आणि उद्या जेसीबी किती वाजता आणू?”

“नको आणूस.”

“आँ?”

“नको आणूस म्हटलं. आयुष्यभर मी ह्यांना घास नेला, मॅटी. आज पहिल्यांदा मला कुणी काही मागितलं नाही.” त्याने नाक पुसलं. “बरं वाटतंय. वाईटही वाटतंय. पण बरं वाटतंय.”

“आणि तुझा तो शंभर वर्षांचा गोठा?”

“गोठा मोडायला कुणी सांगितलंय?” डेलिया मध्येच म्हणाली. “पांढऱ्यांना आजच लागणार आहे. विणाऱ्या गाईंना लागणार आहे. असा सरळ गोठा आणखी आहे का कुणाकडे?”

सेनन तेव्हा जो हसला, तसा हसताना मी त्याला नंतर त्याच्या मुलीच्या लग्नातच बघितला.

पांढऱ्या गाई त्या संध्याकाळपर्यंत उतरल्या. लाल एप्रिलअखेर उतरल्या, स्वतःच्या पायांनी, आणि बहुतेक सगळ्या खालच्या कुरणात मदतीविना व्याल्या. पुढच्या काही वर्षांत डेलियाने पांढऱ्या एकेक करून काढल्या आणि लाल वाढवल्या. गुरं लहान, पण खर्चाचं तोंडही लहान. आणि मांसाला असा स्वाद, की गॉलवेच्या एका खाटकाने तिला विचारलं, बाई, तुम्ही ह्यांना खायला घालता तरी काय? “दगड,” ती म्हणाली. त्यानंतर ती बाजारात वासरं विकायची थांबली. स्वतःची गुरं स्वतः वाढवून, कापून आणून, डोंगराचं नाव लावून, ती मांस सरळ गिऱ्हाइकांना पोचवू लागली. पहिल्यांदा स्वतःच्या गाडीतून, सेनन चालवायला आणि ती पत्ते चुकवायला. मग शेजारची दोन घरं आली, मग चार. मी तिसरा. आज आमच्या हद्दीतले निम्मे डोंगर पुन्हा चरले जातात. खुराकाचं मिश्रण आता पिंपात होत नाही, त्यासाठी जुन्या दूध डेअरीच्या इमारतीत यंत्र बसलंय, चार माणसं कामाला आहेत, आणि ती सल्लागार बाई खात्याची नोकरी सोडून तिथे भागीदार आहे. कोणत्या कोणत्या देशांतून लोक बघायला येतात. डेलिया त्यांना आधी बूट देते.

झऱ्याचं पाणी निवळलं. मे महिन्यात, गुरं उतरून गेल्यावर, त्या कुरतडलेल्या जमिनीतून निळी फुलं अशी वर येतात की पाय कुठे ठेवावा कळत नाही. झुडपाखाली ती इतकी वर्षं वाट बघत होती म्हणे.

मॅटी मात्र आला नाही. पाच-सहा वर्षं तो त्या हिरव्या कुरणात खत ओतत राहिला. माती पातळ, खाली चुरा, पाऊस पडला की सगळं धुऊन जायचं. एका सप्टेंबरच्या दुपारी तो नेस्टरांच्या अंगणात आला. मी आणि सेनन फाटक रंगवत होतो. मॅटीने आधी रंगाला नावं ठेवली, मग वाऱ्याला, मग सरकारला. डेलिया बाहेर येऊन ऐकत उभी राहिली.

“मॅटी, बोल आता,” ती म्हणाली. “रंग वाळायला लागला.”

“दोन लाल कालवडी घेतल्यात,” तो बुटांकडे बघत म्हणाला. “आणि तुझ्या त्या कुत्र्याच्या वंशातला एक वळू.”

“छान. हिवाळ्यात कुठे ठेवणार?”

 त्याच्या रानात गुरं वर न्यायला आता डोंगर उरला नव्हता, राहिलेला खडकही त्याने फोडून टाकला होता, हे आम्हा चौघांना माहीत होतं. मॅटी फाहीसारखा माणूस गप्प राहिला की बघणाऱ्यालाच लाज वाटते. सेननने ब्रश डब्यात बुडवला आणि उगाचच ढवळत राहिला.

“आमच्या डोंगरावर जागा आहे,” डेलिया म्हणाली. “पण तू रोज चढायचं. ट्रॅक्टर नाही, गठ्ठा नाही. गोणी पाठीवर.”

“अगं, माझे गुडघे बघ!”

“बघितले. हळू चढ.”

त्या ऑक्टोबरच्या शेवटी नेस्टरांच्या गुरांमागून त्याच्या दोन कालवडी वर गेल्या. सगळ्यात शेवटी मॅटी, पाठीवर गोणी, दर दहा पावलांनी थांबून डोंगराला शिव्या घालत. डेलिया पुढे होती. ती एकदाही मागे वळली नाही, पण तो थांबला की तीही थांबायची.